गुन्हा नोंद झाला म्हणजे नेमके काय झाले? गोव्यातील फौजदारी प्रकरणात आरोपीने हातातील कागद कसा वाचावा

पोलीस स्टेशनवरून फोन येतो, "साहेबांनी बोलावले आहे, जरा येऊन जा," आणि घरात सर्वांत आधी चर्चा सुरू होते ती तिथे ओळखीचे कोण आहे याची. खरे तर पहिल्यांदा विचारायला हवे ते हे, की आपल्याविरुद्ध कोणता कागद तयार झाला आहे आणि त्यावर कोणते कलम लिहिले आहे. फौजदारी प्रक्रियेत आरोपीला मिळणारे बहुतेक हक्क एखाद्या कागदाला किंवा एखाद्या मुदतीला बांधलेले असतात. तो कागद मागितला नाही किंवा ती मुदत हातची गेली, तर पुस्तकातला हक्क पुस्तकातच राहतो.

आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. "गोव्याचा कायदा वेगळा" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि विवाह व पती-पत्नीच्या सामायिक मालमत्तेच्या बाबतीत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे ते बऱ्याच अंशी खरेही आहे. गुन्ह्यांच्या बाबतीत मात्र ते खरे नाही. मुक्तीनंतर देशाचाच फौजदारी कायदा येथे लागू झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता (गुन्हे व शिक्षा), भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (तपास, अटक, जामीन व खटल्याची प्रक्रिया) आणि भारतीय साक्ष्य अधिनियम (पुरावा) हे तीन कायदे पणजीत जसे चालतात तसेच पुण्यातही चालतात. गुन्हा त्या तारखेपूर्वी घडलेला असेल, तर त्याला जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम लागते. त्यामुळे म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या न्यायालयात आजही दोन्ही कायद्यांची कलमे एकाच दिवशी ऐकू येतात आणि कलमाच्या नुसत्या आकड्यावरून अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. जुने ४२० आणि नवे ३१८(४) हे दोन्ही फसवणुकीचेच कलम आहे.

या सर्वसाधारण कायद्याच्या जोडीला राज्याचे स्वतःचे काही कायदे आहेत. मटक्याच्या चिठ्ठ्यांसाठी १९७६ चा सार्वजनिक जुगार कायदा, मद्यासाठी १९६४ चा अबकारी कायदा, पर्यटनस्थळांवरील गैरवर्तनासाठी २००१ चा कायदा आणि मुलांवरील अत्याचारांसाठी २००३ चा गोवा बाल कायदा. यांपैकी शेवटचा सर्वांत गंभीर आहे आणि शेजाऱ्यांच्या भांडणात एखाद्या मुलाला धक्का लागला, की तक्रारीत तो हमखास डोके वर काढतो. गोव्यातीलच एका प्रकरणात २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की क्रौर्याचा किंवा छळाचा हेतू नसताना मुलाला दप्तराचा एखादा साधा फटका बसणे म्हणजे या कायद्यातील बाल अत्याचार नव्हे. साध्या मारहाणीचे कलम वेगळे आणि हे कलम वेगळे, हा फरक आरोपीच्या वकिलाने अगदी सुरुवातीपासून लावून धरला पाहिजे.

एन.सी., एफ.आय.आर. आणि चॅप्टर केस

समजा, डिचोली तालुक्यातील एका गावात बांधावरून दोन घरांमध्ये वाद झाला, शिवीगाळ झाली, कोणाला तरी दोन थपडा बसल्या आणि "बघून घेतो" असे कोणीतरी ओरडले. यातील साध्या दुखापतीला न्याय संहितेचे कलम ११५(२) लागते आणि एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. शांतताभंगाच्या हेतूने केलेल्या अपमानाला कलम ३५२ आणि धमकीला कलम ३५१(२) आहे. या दोन्हींना दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तरीही हे तीनही गुन्हे अदखलपात्र आहेत. म्हणजे पोलीस त्यांची केवळ नोंद करतात, जिला आपण सगळे एन.सी. म्हणतो. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यांचा तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही.

आता गंमत पाहा. कोणाची वाट अडवणे, म्हणजे न्याय संहितेचे कलम १२६(२), याला शिक्षा जास्तीत जास्त एक महिन्याची. पण हा गुन्हा दखलपात्र आहे. शिवाय एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यांतील एक जरी दखलपात्र असेल, तर संपूर्ण प्रकरण दखलपात्र मानले जाते, अशी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्ये तरतूद आहे. जमिनीच्या वादातील तक्रारींमध्ये "माझी वाट अडवली" किंवा "माझ्या आवारात घुसला" ही वाक्ये इतक्या नियमितपणे का आढळतात, याचे उत्तर बऱ्याचदा येथे सापडते. त्या एका वाक्याने एन.सी.ची एफ.आय.आर. होते. म्हणून आरोपीने प्रत हाती येताच पाहावे, की दखलपात्र कलम नेमके कोणते आहे आणि ते तक्रारीतील कोणत्या वाक्यावर उभे आहे. बचावाची सुरुवात बहुधा त्या वाक्यापासूनच होते.

एफ.आय.आर.ची प्रत आरोपीलाही मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानुसार लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणे वगळता ती नोंदणीनंतर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. ज्या गुन्ह्याला तीन वर्षे किंवा त्याहून अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे, त्यात गुन्हा नोंदवण्याआधी उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आहे. त्या काळात कोणी बोलावले, तर आपली बाजू कागदपत्रांसह लेखी मांडून पोच घेणे शहाणपणाचे असते. जमिनीचा वाद असेल तर एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातील जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा, आणि सर्व्हे नकाशा त्याला जोडावा.

यांखेरीज चॅप्टर केस नावाचा तिसरा प्रकार आहे. त्याची नोटीस पोलीस स्टेशनमार्फत हाती पडते, पण ती काढलेली असते कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी, म्हणजे तालुक्याच्या पातळीवर बहुधा मामलेदारांनी किंवा उपजिल्हाधिकाऱ्यांनी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खालील ही कारवाई शिक्षेसाठी नसते. शांतता राखण्याचे एक वर्षापर्यंतचे बंधपत्र का घेऊ नये, एवढेच त्यात विचारलेले असते. अनेक जण हा "फक्त सहीचा मामला" समजून पहिल्याच तारखेला सही करून मोकळे होतात. वास्तविक येथेही चौकशी व्हावी लागते, साक्षी-पुरावा घ्यावा लागतो आणि बंधपत्राला विरोध करण्याचा हक्क असतो. ती चौकशी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत पूर्ण झाली नाही, तर विशेष कारणाने मुदत वाढवलेली नसल्यास कारवाई आपोआप संपते.

फोन, नोटीस आणि अटक

फोनवरचे बोलावणे ही कायदेशीर नोटीस नव्हे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल, तेव्हा पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची लेखी नोटीस द्यावयाची असते, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवरून देणे पुरेसे नाही असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. नोटीस मिळाल्यावर मात्र टाळाटाळ करू नये. जो ठरल्या वेळी हजर राहतो आणि नोटिशीचे पालन करत राहतो, त्याला त्या गुन्ह्यात अटक करायची तर पोलिसांना कारणे नोंदवावी लागतात. जो हजर राहत नाही, तो ते कारण स्वतःच पुरवतो. जाताना नोटिशीची प्रत सोबत न्यावी, पोहोचल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहून ठेवावी आणि त्या दिवशी जे कागद दिले त्यांची पोच घ्यावी. तारखेला खरोखरच अडचण असेल, तर लेखी कळवून दुसरी तारीख मागावी.

नोटीस वाचताना आणखी एक गोष्ट तपासावी: बोलावणे आरोपी म्हणून आहे की साक्षीदार म्हणून. साक्षीदारासाठीची नोटीस त्याच संहितेच्या कलम १७९ ची असते आणि त्या कलमाखाली स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुलगे आणि साठ वर्षांवरील पुरुष यांना पोलीस स्टेशनवर येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जावयाचे असते. आरोपी साठ वर्षांवरील असेल आणि गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल, तर उपअधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय त्याला अटक करता येत नाही.

अटक झालीच, तर काय व्हायला हवे ते घरच्या एका तरी माणसाला ठाऊक असावे, कारण ज्याला अटक होते त्याला त्या घडीला बहुधा काहीच आठवत नाही. अटक करणाऱ्याच्या गणवेशावर नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा पंचनामा जागेवरच तयार व्हावा, त्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही असावी आणि अटक झालेल्याचीही सही असावी. त्यात अटकेची वेळ खरी लिहिली आहे का, हे सही करण्यापूर्वी पाहावे. चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याचे बंधन असते, प्रवासाचा वेळ तेवढा वगळून. आणि हे चोवीस तास कधी सुरू झाले ते ठरते पंचनाम्यातील त्या वेळेवरून. रविवार असो वा चतुर्थीची सुट्टी, हे घड्याळ थांबत नाही. न्यायालय बंद असेल तर आरोपीला दंडाधिकाऱ्यांच्या निवासस्थानी नेले जाते.

अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी मिळाली पाहिजेत. संविधानाच्या अनुच्छेद २२(१) चा हा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून टप्प्याटप्प्याने स्पष्ट करत आणला. नोव्हेंबर २०२५ च्या निकालात ते म्हणते, की अगदी अपवादात्मक परिस्थितीत कारणे आधी तोंडी सांगितली, तरी कोठडी मागण्यासाठी दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी ती लेखी द्यावी लागतात. गोव्यात ही भाषेची अट विशेष महत्त्वाची आहे. आपल्या राज्यात कोकणी राजभाषा आहे, मराठीला शासकीय कामात स्थान आहे, आणि पोलिसांचे व न्यायालयाचे कागद मात्र बहुतांशी इंग्रजीत असतात. पेडण्याच्या किंवा सत्तरीच्या माणसासमोर इंग्रजी कागद ठेवून "इथे सही कर" म्हटले जाते, तेव्हा त्याने "मला हा कागद वाचता येत नाही, समजावून सांगा" असे म्हणावे, आणि तरीही सही करावीच लागली तर सहीच्या वर आपल्या अक्षरात तसे मराठीत लिहावे. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे वेगळे सांगायला नको.

अटक झाल्याचे नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. वैद्यकीय तपासणी व्हावी लागते आणि अंगावर जखमा असतील तर त्यांची नोंद त्या अहवालात यावी लागते. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते; पूर्णवेळ त्याला शेजारी बसवता येत नाही, एवढीच मर्यादा आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घ्यावी लागते.

स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, हा अनुच्छेद २०(३) आहे. पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर सही करावी लागत नाही, आणि पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून ग्राह्य धरली जात नाही. याला एक महत्त्वाची खाच आहे: आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंधित असलेला माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. "काय ते सांगून टाक, सोडून देतो" या आश्वासनाची किंमत वर्षभराने न्यायालयात कळते. आपले नाव आणि पत्ता सांगावा, गुन्ह्यासंबंधीच्या प्रश्नांना मात्र वकिलाशी बोलून उत्तर देईन असे नम्रपणे म्हणावे. कोठडीत मारहाण झाली असेल, तर ती सांगण्याची पहिली आणि सर्वांत योग्य जागा म्हणजे दंडाधिकाऱ्यांसमोरचा पहिला उभा राहण्याचा क्षण. पोलीस स्टेशनमधील कॅमेऱ्यांचे चित्रण जपून ठेवण्याचा आदेशही तेव्हाच मागावा. पुढे राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही जाता येते.

वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १५१०० हा त्यांचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न न पाहता ही मदत मिळते. "फुकटचा वकील लक्ष देत नाही" असे म्हणून लोक ती नाकारतात. पण पहिल्या कोठडीच्या वेळी कोणीच सोबत नसण्यापेक्षा ते निश्चितच बरे.

जामीन

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. तो पोलीस स्टेशनवरच मिळतो. गरिबीमुळे आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर केवळ स्वतःच्या बंधपत्रावर सोडावे लागते. अजामीनपात्र याचा अर्थ "जामीन मिळत नाही" असा नसून तो न्यायालयाच्या विवेकावर आहे, इतकाच आहे. साधी चोरी अजामीनपात्र आहे आणि त्यात जामीन रोजच्या रोज होतात. अटकेची भीती असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात किंवा पर्वरी येथील उच्च न्यायालयात अटकपूर्व जामिनासाठी अर्ज करता येतो. जामीन मंजूर होऊनही रक्कम किंवा जामीनदार न जुळल्यामुळे माणूस कोलवाळच्या तुरुंगात अडकून पडतो. अशा वेळी सात दिवसांनंतर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावयाचे असते आणि घरच्यांनी अटी शिथिल करण्याचा अर्ज करावयाचा असतो.

मुदतीचा हक्क सर्वांत जास्त याच टप्प्यावर हुकतो. आरोपी कोठडीत असताना साठ दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही, तर त्याला जामीन मिळण्याचा हक्क निर्माण होतो. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ही मुदत नव्वद दिवसांची आहे. पण अर्ज आरोपपत्र येण्यापूर्वी केला पाहिजे. एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज झाला नाही आणि दुपारी आरोपपत्र आले, तर हक्क गेला. दिवस मोजण्याचे काम घरच्यांनी कॅलेंडरवर करावे. वकिलाकडे अनेक प्रकरणे असतात.

अमली पदार्थांच्या प्रकरणांचे गणित निराळे आहे. तेथे सर्व काही वजनावर ठरते: गांजा एक किलोपर्यंत आणि चरस शंभर ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, तर गांजा वीस किलोच्या आणि चरस एक किलोच्या वर गेला की व्यापारी प्रमाण, ज्यात जामीन अत्यंत कठीण होतो आणि आरोपपत्राची मुदत एकशे ऐंशी दिवसांपर्यंत जाते. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती घेण्याचा हक्क आहे, हे आरोपीला सांगावे लागते. मात्र ही तरतूद अंगझडतीपुरती आहे. हातातील बॅगेला ती लागू होत नाही.

आरोपपत्रानंतर

आरोपपत्र आणि दोषारोप यांत लोकांची नेहमी गल्लत होते. आरोपपत्र हे पोलिसांचे मत आहे. दोषारोप न्यायालय ठेवते. या दोहोंच्या मधल्या काळात आरोपीला मोठी संधी असते. हजर झाल्यापासून चौदा दिवसांत त्याला एफ.आय.आर., जबाब, पंचनामे यांच्या प्रती विनामूल्य मिळाव्या लागतात. दंडाधिकाऱ्यांपुढील वॉरंट खटल्यात, म्हणजे दोन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याच्या खटल्यात, त्या मिळाल्यापासून साठ दिवसांत, दोषारोप ठेवण्याइतका पुरावाच नाही म्हणून आरोपमुक्तीचा अर्ज करता येतो. प्रती घेताना पानांचा क्रम तपासावा. जखमी व्यक्तीचा वैद्यकीय दाखला गहाळ असणे ही विरळ गोष्ट नाही.

"गुन्हा कबूल आहे का?" असे न्यायालय विचारते, तेव्हा दंड भरून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो. कबुली म्हणजे दोषसिद्धी. त्याऐवजी न्याय संहितेच्या ११५(२), १२६(२), ३५१(२), ३५२ यांसारख्या गुन्ह्यांत तक्रारदाराशी तडजोड होऊ शकते, आणि कायदेशीर तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखा असतो. बाहेरून दोन्हींचा शेवट सारखाच दिसतो, पण सरकारी नोकरीच्या अर्जात त्यांची उत्तरे वेगळी लिहावी लागतात. शेजाऱ्यांच्या भांडणात लोक अदालतीचा मार्ग मला म्हणूनच अधिक बरा वाटतो.

खटला चाललाच, तर साक्ष आरोपीच्या समजुतीच्या भाषेत त्याला सांगितली जावी असा नियम आहे. ती समजत नसेल तर तेथेच हात वर करून सांगावे. प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचा आणि आपले साक्षीदार आणण्याचा हक्क आहे. शेवटी न्यायालय आरोपीला पुराव्यातील प्रत्येक प्रतिकूल बाबीबद्दल विचारते. ते उत्तर शपथेवर नसते, आणि गप्प राहिल्याबद्दल किंवा चुकीच्या उत्तराबद्दल शिक्षा होत नाही, पण "मला माहीत नाही" एवढेच शंभरदा म्हणून ती संधी वाया घालवू नये. दंडाधिकाऱ्यांनी दोषी ठरवले तर सत्र न्यायालयात अपिलासाठी तीस दिवस, आणि सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात साठ दिवस मिळतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर शिक्षा सुनावणाऱ्या न्यायालयाकडेच अपील होईपर्यंत जामीन मागता येतो.

जहाजावर किंवा आखातात नोकरी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न पासपोर्टचा असतो. फौजदारी खटला न्यायालयात प्रलंबित असताना नवा पासपोर्ट किंवा नूतनीकरण नाकारले जाऊ शकते. मात्र ज्या न्यायालयात खटला आहे त्याची परवानगी आणली तर तो मिळतो, आणि न्यायालयाने मुदत लिहिली नसेल तर साधारणपणे एक वर्षासाठी मिळतो. म्हणून परवानगीचा अर्ज करताना करारपत्राची प्रत जोडून मुदत स्पष्ट मागावी. अपघाताच्या प्रकरणात जप्त झालेली गाडीही अशीच अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, सोडवून आणता येते. पावसाळाभर ती पोलीस स्टेशनच्या आवारात गंजू देण्याचे कारण नाही. निर्दोष सुटका झाली, की निकालाच्या दोन-तीन प्रमाणित प्रती काढून घ्याव्यात, त्यांतील एक संबंधित पोलीस स्टेशनला देऊन पोच घ्यावी आणि एक घरात जपून ठेवावी, कारण पुढच्या पोलीस पडताळणीच्या वेळी तोच कागद मागितला जातो.